कोरे खिळे

बाबा जुळारी होते, रावपुऱ्यातल्या एका छापखान्यात.
डाव्या हातात स्टिक, उजवा हात खणांवरून
न बघता फिरायचा.
सकाळी मराठी लग्नपत्रिका, दुपारी गुजराती हँडबिलं.
दोन लिप्यांचे खिळे कधी एकमेकांत सांडले
तर नवरीच्या नावावरची रेघ मध्येच तुटायची,
आणि ठाकोरभाई मशीन थांबवून ओरडायचे,
"आ बोडियो क्यांथी आव्यो?"

मी इस्पितळात पेशी बघते.
अंधाऱ्या खोलीत, निळ्या केंद्रकात
दोन ठिपके लाल, दोन हिरवे.
लांब लांब असले की 'नाही' लिहिते.
लाल हिरव्यावर बसला की पिवळा दिसतो.
मी पिवळे मोजते. त्याचा पगार मिळतो.

पांढरी पेशी घडताना तीही जुळारीच असते,
हे मी बाबांना जेवताना सांगितलं.
चाळीसेक खिळ्यांतला एक,
तेविसांतला एक, सहांतला एक,
मधला मजकूर कापून टाकायचा, टोकं सांधायची,
सांध्यात दोन-चार अक्षरं पदरची घालायची
आणि कुणी कधी न उच्चारलेला शब्द करून ठेवायचा,
अजून न आलेल्या आजारासाठी.
दर पेशीचा वेगळा.
"मूळ प्रत फाडून?"
हो. स्वतःचीच प्रत फाडून.
बाबांचा घास हातातच राहिला.
"धाडस आहे," म्हणाले.

अंगाशी येतं कधी कधी.
अठराव्या गुणसूत्रावर एक शब्द असतो: मरू नकोस.
चांगला शब्द आहे. हळू, वेळेपुरता बोलायचा.
कापाकापीत तो चौदाव्यावर जाऊन पडतो,
जिथे ही जुळणी चालते,
जिथला दिवा कुणी मालवत नाही.
मग पेशी तेच ऐकत राहते. मरू नकोस. मरू नकोस.
मरायचं विसरलेल्यांची गर्दी
गळ्याशी सुपारीएवढी होते.

"शब्दात चूक कुठली?"
कुठलीच नाही. अक्षर न् अक्षर शुद्ध.
"मग प्रूफ वाचणाऱ्याला सापडायची नाही."
नाही सापडत. शेजार बघावा लागतो.

बाबा उठले. फळीवरच्या डब्यातून
एक खिळा आणून माझ्या ताटाशी ठेवला.
वरून गुळगुळीत, अक्षरच नाही,
इतरांहून बुटका, म्हणून शाई लागत नाही.
"लोकांना वाटतं आम्ही अक्षरं जुळवायचो.
पानात निम्मे हे असायचे.
काढलास तर ओळ सैल,
भलतीकडे घातलास तर अर्थ भलता."
तो दिवाही असलाच खिळा, मी म्हटलं.
स्वतः काही सांगत नाही.
शेजाऱ्यानं किती मोठ्यानं बोलायचं, ते ठरवतो.

मग बऱ्याच वेळाने, भांडी विसळताना:
"आज पिवळे होते?"
नमुन्यावर नंबर असतो, बाबा. नाव नसतं.
"ठाकोरभाईंची गाठ मीच पहिली बघितली.
सुरसागरच्या बाकावर. मफलर सोडला तेव्हा."
मी नळ बंद केला.
हा आजार सावकाश चालतो, म्हटलं,
कुणाचाही असो. वर्षानुवर्षं. औषधं आहेत.
बाबा एकच वाटी पुन्हा पुन्हा पुसत होते.

रात्री त्यांनी फोन लावला.
उत्तरायणाच्या दोऱ्याचा भाव,
उंधियूत रताळं कमी पडलं ते,
नातीची फी, गुडघ्याचं तेल,
छापखान्याच्या जागी आता मोबाइलची कव्हरं विकतात.
तो शब्द दोघांनी काढला नाही.
कुठला, ते मला माहीत आहे.
मध्येच बाबा थांबत,
एक कोरा, दोन कोरे,
पलीकडे ठाकोरभाई तेवढंच मोजून गप्प.

मी अंथरूण घालता घालता ऐकत होते.
ओळ हलली नाही.